खिडकीतलं पाणी आणि काकूंच्या कुंड्या

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते. चार मजल्यांची, २२ वर्षांची इमारत. यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या सरकत्या खिडकीतून गेली चार वर्षं पावसाळ्यात पाणी आत येतं. बिल्डिंगला नवा रंग लागला त्याच वर्षी हे सुरू झालं, "आणि रंगाच्या वेळी तर बाहेरच्या सगळ्या भेगा भरून घेतल्या होत्या," असं त्या हळहळून लिहितात. सरळ पाऊस कितीही पडो, काही होत नाही. वाऱ्याची झड आली की मात्र दहा मिनिटांत खालची पट्टी भरते आणि पाणी आतल्या कट्ट्यावरून भिंतीवर उतरतं. शिवाय खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओल धरते. ती पाऊस चालू असताना दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसते आणि मग आठवडाभर हलत नाही. तीन वेळा सिलिकॉन मारून झालं. मिस्टर म्हणतात खिडकीच बदलू; यूपीव्हीसीच्या (टणक प्लॅस्टिकच्या) खिडकीचा ४८ हजारांचा आकडा आलाय. ताईंचा संशय वरच्या घरावर आहे. वरच्या काकूंनी ग्रिलमध्ये वीसेक कुंड्या ठेवल्यात, बारा महिने सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. दोनदा बोलून झालं, दुसऱ्या वेळी आवाज चढले, आणि आता जिन्यात समोरासमोर आल्या तरी दोघी मोबाइलमध्ये बघतात. "मार्च ते मे भिंत ठणठणीत असते, म्हणून दर वर्षी वाटतं की गेलं एकदाचं," असंही एक वाक्य पत्रात आहे. सासूबाईंचा पलंग याच खिडकीखाली आहे आणि त्या तो हलवू देत नाहीत. ताई विचारतात : खिडकी बदलावी, की सोसायटीत काकूंविरुद्ध लेखी तक्रार द्यावी?

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचा वैताग दिसला, दुसऱ्या वाचनात पाणी दिसायला लागलं. इमारतींच्या दुरुस्तीच्या साइटवर इतकी वर्षं काढल्यावर मला एक खोड लागली आहे. कुणी गळतीबद्दल बोलायला लागलं की चूक कोणाची हा भाग मी कानाआड करते आणि कधी, किती वेळाने, वारा होता का, एवढंच टिपून घेते. तुम्ही रागाच्या भरात का होईना, हे सगळं लिहिलंय. निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे.

तुम्ही मला दोनच पर्याय दिलेत. दोन्हींत एक गोष्ट धरून चाललात, की पाणी कुठून शिरतं ते कळलेलं आहे. मिस्टरांच्या मते खिडकीतून, तुमच्या मते वरून. खरं सांगू का, अजून कोणी शोधलेलंच नाही. तीन सिलिकॉनवाले येऊन गेले. त्यांतल्या एकाने तरी मगभर पाणी ओतून बघितलं का? पत्रात तसं काही नाही, आणि माझा अनुभव सांगतो की बघितलं नसणार. यात त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांना फोन करून आपण "सिलिकॉन मारायचंय" असंच सांगतो. "पाणी कुठून येतंय ते बघा" असं कोण सांगतं?

दुसरी गोष्ट, तुम्ही 'गळती' म्हणताय, पण पत्रात गळत्या दोन आहेत. खाली पट्टी भरते ती झड आल्यावर दहा मिनिटांत. वरचा कोपरा ओला होतो तो दुसऱ्या दिवशी. जे पाणी दहा मिनिटांत आत येतं त्याची वाट वीतभर असते; जे दुसऱ्या दिवशी उगवतं ते विटा-प्लास्टरमधून झिरपत, मुक्काम करत आलेलं असतं. या दोन्हींना एकच औषध शोधत बसलात म्हणून चार वर्षं गेली.

आधी खालचं बघू, कारण ते सोपं आहे आणि बहुधा फुकटात सुटेल.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीत पाणी शिरणं ही काही खराबी नाही. काचेचे दोन पल्ले एकमेकांवरून सरकायचे तर मध्ये फट हवीच, आणि त्या फटीत असते फक्त लोकरीच्या ब्रशची पट्टी. तिने धूळ अडते, आडवा पाऊस अडत नाही. खिडकी बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून खालच्या ट्रॅकचा आतला काठ उंच आणि बाहेरचा काठ बुटका ठेवतात, आणि बाहेरच्या उभ्या बाजूला पाणी निघून जायला भोकं किंवा चिरा पाडतात. पाणी ट्रॅकमध्ये यावं आणि तिथूनच बाहेर जावं, अशी ती सोय आहे. आता ती भोकं तुमच्या खिडकीला आहेत का, आणि असतील तर उघडी आहेत का, एवढंच बघायचं.

पाऊस नसेल अशा एखाद्या सकाळी पल्ला सरकवून ट्रॅक उघडा करा. जुन्या टूथब्रशने आधी त्यातला गाळ काढा. पश्चिमेच्या खिडकीत काय काय निघतं हे मला पाठ आहे : लाल माती, कबुतराची पिसं, उदबत्तीची काडी, एखादं बटण आणि काळी रबरासारखी झालेली धूळ. मग मगभर पाणी हळूहळू ट्रॅकमध्ये ओता आणि उभ्या राहा. मोकळ्या ट्रॅकमधलं पाणी बघता बघता उतरतं आणि बाहेरच्या कट्ट्यावर टपटप ऐकू येतं. तुमच्याकडे ते तसंच उभं राहील असा माझा अंदाज आहे. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल त्यात.

असा अंदाज का, ते सांगते. गळती रंगाच्या वर्षी सुरू झाली. तुम्हाला हा योगायोग वाटतो, उलट रंग झाल्यावर थांबायला हवी होती असं वाटतं. पण बाहेरून झुल्यावर लोंबकळणारा माणूस दिवसाला दहा खिडक्या उरकत असतो. हातात पुट्टीची पट्टी, समोर भोक दिसलं की लिंपलं. त्याच्या लेखी भोक म्हणजे भेग. वरून दोन हात रंग. आणि मग पाणी आत यायला लागलं म्हणून तुम्ही बोलावलेल्या सिलिकॉनवाल्यांनी उरलीसुरली फटही इमानेइतबारे बुजवली असणार. तीन वेळा. म्हणजे दर वेळी ट्रॅकचं भांडं अजून घट्ट झालं.

वाऱ्याशिवाय त्रास होत नाही, हेही याच्याशी जुळतं. सरळ पावसात छज्जा खिडकीला झाकतो. पण ४५ सेंटीमीटर पुढे आलेला छज्जा ४५ अंशांत तिरक्या आलेल्या पावसात खालचं ४५ सेंटीमीटरच झाकणार. चार फुटांच्या खिडकीचा खालचा सगळा भाग उघडा. त्यात वाऱ्याचा जोर वेगळा. ताशी ४५-५० किलोमीटरचा वारा काचेवर जो दाब देतो, तो साधारण एक सेंटीमीटर उंचीचं पाणी उचलून धरण्याइतका असतो. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला बघतं आणि वारा त्याला आत रेटतो. म्हणून भोकं उघडी असून भागत नाही, आतला काठही पुरेसा उंच लागतो. जुन्या स्वस्तातल्या ट्रॅकमध्ये तो नखभरच असतो. पट्टीने मोजून बघा. दोन सेंटीमीटरच्या आसपास असेल तर काळजी नको. जेमतेम एक असेल तर मोठ्या झडीला थोडं पाणी येणारच, आणि तिथे मिस्टरांचं म्हणणं विचारात घ्यावं लागेल. त्यावर येते.

भोकं बुजलेली निघाली तर खराट्याची काडी, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, कटरचं टोक, काहीही चालेल. ग्रिल आहे म्हणून हात बाहेर काढता येईल, पण वाकू नका आणि हत्यार मनगटाला दोरीने बांधा, खाली माणसं असतात. भोकं मुळातच नसतील (स्थानिक फॅब्रिकेटरच्या कामात हे सर्रास दिसतं) तर अॅल्युमिनियमवाल्याला बोलावून पाडून घ्या. साधारण दोन-दोन फुटांवर एक, बाहेरच्या उभ्या बाजूला, अगदी तळाशी. त्याच्या डोक्यावर उभ्या राहा, कारण सोपं पडतं म्हणून तो ट्रॅकच्या बुडाला ड्रिल लावेल, आणि मग सगळं पाणी खालच्या भिंतीत. तीन पट्ट्यांची, म्हणजे मच्छरजाळीवाली खिडकी असेल तर आतल्या पट्टीतून बाहेरच्या पट्टीत जायलाही वाट लागते, तीही तपासा.

एक शक्यता राहते. मगभर पाणी ओतलं, ते उतरलं, पण बाहेर थेंब नाही. मग ते ट्रॅकच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून किंवा फ्रेम ठोकलेल्या स्क्रूच्या भोकातून भिंतीत जातंय. अशा वेळी मात्र सिलिकॉन हवं, ट्रॅकच्या आत, नेमकं त्या सांध्यावर आणि स्क्रूच्या डोक्यावर.

सिलिकॉनचं नाव निघालंच आहे तर इतर वाचकांसाठीही सांगते, कारण महिन्याला दोन पत्रं तरी याच विषयावर असतात. सिलिकॉन बाहेरून लावायचं. आतून लावलं की पाणी दिसेनासं होतं, थांबत नाही. ते चौकटीमागे साठतं आणि पुढच्या वर्षी पोपडे होऊन बाहेर पडतं. फ्रेम आणि ग्रॅनाइटच्या सांध्यावर वर आणि दोन्ही बाजूंना सलग लावा. खाली लावायचं तर भोकांच्या खालून. जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण सोलून काढल्याशिवाय नवं मारू देऊ नका, एकावर एक ते धरत नाही. ओल्या किंवा धुळकट दगडावरही धरत नाही, म्हणून भर पावसाळ्यात घाईने मारलेलं सिलिकॉन म्हणजे निव्वळ समाधान. आणि ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिमेंटलाही चालत नाही आणि संगमरवरालाही नाही. दुकानात 'न्यूट्रल' मागा. फट बोटभर रुंद असेल तर आधी फोमची दोरी आत दाबून मग वर सिलिकॉन. नुसतं भरलं तर आत ढेकूळ होतं आणि काठ सुटतात.

आता वरचा डावा कोपरा. इथे तुमचा आरोप आहे, म्हणून जरा थांबून बघू.

काकू बारा महिने दोन वेळा पाणी घालतात, उन्हाळ्यात तर जास्तच घालत असतील. आणि भिंत मार्च ते मे ठणठणीत असते, हे तुम्हीच लिहिलंय. ताई, कुंड्यांचं पाणी भिंतीत मुरत असतं तर ते एप्रिलमध्येही मुरलं असतं. ही दोन वाक्यं तुमच्या पत्रात वेगवेगळ्या पानांवर आहेत, शेजारी-शेजारी ठेवून बघा. वकील तुमच्या विरुद्ध बाजूचा असता तर त्याने तेवढ्यावर केस जिंकली असती.

मला तुमचा संशय कळतो, कारण मीही त्यातून गेले आहे. माझ्या स्वतःच्या घरात पडद्याच्या रॉडच्या स्क्रूमधून थेंब पडायचा. मीही वर बघितलं. वरच्या घरी बाथरूमचं काम नुकतंच झालं होतं, त्यामुळे गुन्हेगार तयारच होता. मी त्यांच्या मोरीत रंगीत पाणी सोडून बघायला लावलं, तेही दोनदा. बिचाऱ्यांनी चहा देऊन करू दिलं. काही निघालं नाही. शेवटी एका दुपारी पावसात छत्री घेऊन खाली उभी राहिले आणि बघते तर केबलवाल्याने गच्चीवरून सोडलेली वायर सरळ उतरत माझ्या खिडकीवरच्या भोकात शिरत होती. थेंब वायरवरून घरंगळत थेट घरात. भोक कोणी बुजवलेलं नव्हतं, आणि वरून ते आतल्या बाजूला उतरतं पाडलेलं. वायरला भोकाच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे थेंब तिथूनच खाली पडावा, आणि भोक भरलं. दहा मिनिटांचं काम. वरच्यांकडे तोंड दाखवायला मला आठवडा लागला.

तेव्हा तुमच्या कोपऱ्यावर आधी भोकं शोधा. एसीच्या पाइपचं, केबलचं, एसीच्या स्टँडच्या बोल्टांचं. भोक नेहमी बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. मग भेगा : खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग ही बहुतेक इमारतींत असते, कारण भिंतीत चौकोन कापला की ताण कोपऱ्यांवर येतो. केसाएवढी असली तरी ती पाणी शोषते. तिसरा आणि माझ्या मते तुमच्या बाबतीतला मुख्य संशयित म्हणजे छज्जा. छज्जा आणि भिंत जिथे मिळतात तिथे गवंडी सिमेंटचा तिरका वाटा करतात, म्हणजे पाणी सांध्यात न थांबता पुढे ढकललं जावं. बावीस वर्षांत तो वाटा सुटतो. वर माती-पाला साठला, पाणी जायची जागा बुजली, की छज्ज्यावर दोन बोटं पाणी उभं राहतं आणि पुढचे आठ दिवस निवांतपणे भिंतीत उतरत राहतं. तुमची ओल पाऊस गेल्यावर वाढते आणि आठवडा टिकते ती अशीच.

इथे कुंड्यांचा थोडा संबंध येऊ शकतो, नाही असं नाही. पाण्याबरोबर माती आणि वाळकी पानं खाली येतात आणि छज्ज्यावर बसतात. तसं असलं तर ते झाडूच्या चार हातांनी सुटणारं प्रकरण आहे. लेखी तक्रारीचं कामच नाही. आणि गंमत बघा, तुमच्या छज्ज्याचा वरचा भाग तुम्हाला दिसत नाही, खालून वॉचमनला दिसत नाही, गच्चीवरून ग्रिल आड येतं. तो दिसतो फक्त काकूंच्या खिडकीतून, दोन कुंड्या बाजूला सरकवल्यावर. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमचा साक्षीदार व्हायला एकच माणूस योग्य आहे, आणि तुम्ही निघालात त्याच्यावर फिर्याद ठोकायला.

मिस्टरांच्या ४८ हजारांबद्दल. नवी यूपीव्हीसीची खिडकी वाईट नाही. तिचा आतला काठ उंच असतो, सांधे वितळवून जोडलेले असतात, पाण्याच्या वाटा आतूनच दिलेल्या असतात. ट्रॅकचा काठ नखभर निघाला, रोलर झिजले असतील, पल्ले हलत असतील, तर बदलायला माझी हरकत नाही. उघडणाऱ्या पल्ल्यांची, रबरावर दाबून बसणारी खिडकी तर झडीला सरकत्यापेक्षा केव्हाही सरस, फक्त आत उघडायला जागा हवी. पण नवी खिडकी त्याच दगडी चौकटीत, त्याच छज्ज्याखाली बसणार. वरच्या कोपऱ्याला ती काही करणार नाही. आणि कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला असेल तर तिच्या बुडाखालूनही पाणी येईल. चमचाभर पाणी बाहेरच्या कट्ट्यावर सांडा, कुठे पळतं बघा. आत पळालं तर खिडकी कोणतीही आणा, आधी तो दगड बदला. उतार बाहेर हवा, दगड भिंतीच्या पुढे दोन-तीन बोटं आलेला हवा, आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेपासून जरा आत एक खाच हवी. ती नसली की थेंब दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत मागे येतो. एकूण, दिवाळीपर्यंत ते पैसे बँकेतच राहू द्या.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे येईलच. राज्याच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायच्या कामांत मोडते, घरातली कामं सभासदाची. छज्जा, बाहेरची भेग सोसायटीकडे. तुमचा ट्रॅक, तुम्ही पाडलेलं एसीचं भोक तुमच्याकडे. सेक्रेटरींना पत्र जरूर लिहा, पण काकूंबद्दल नाही, छज्ज्याबद्दल. सोबत फोटो आणि ओलीच्या तारखा. आणखी एक विचारा : १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी व्हायला हवं, ते झालंय का आणि त्यात छज्ज्यांबद्दल काय म्हटलंय. कारण छज्ज्यात पाणी मुरून आतली सळई गंजली तर पुढचा प्रश्न ओलीचा राहत नाही, काँक्रीटचा ढलपा खाली पडण्याचा होतो. (नव्या घरात राहणाऱ्या वाचकांनी सोसायटीपर्यंत जायचीही गरज नाही. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामातला असा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी कळवा, पोच घ्या.)

पण हे सगळं पुढचं. आत्ता पाऊस चालू आहे आणि सासूबाई तिथेच झोपताहेत. तोवरचा उपाय आजीच्या काळातला आहे. जुन्या सुती साडीची हातभर लांब पट्टी फाडा, ओली करून पिळा, एक टोक ट्रॅकमध्ये आडवं पसरून ठेवा आणि दुसरं आतल्या काठावरून खाली बादलीत सोडा. बादलीतलं टोक ट्रॅकपेक्षा बरंच खाली हवं. कापड पाणी ओढतं आणि भिंतीऐवजी बादलीत सोडतं. फार जोराच्या झडीला पुरणार नाही, पण रात्रीत तीनदा उठून फडकं पिळणं वाचेल. नायलॉनची साडी घेऊ नका, ती काही ओढत नाही. खिडकीलगतच्या स्विचबोर्डापर्यंत ओल आली असेल तर त्याचा एमसीबी पाडून ठेवा, इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत तिथे काही लावू नका. आणि पलंग भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्या. सासूबाईंना "तुमच्या तब्येतीसाठी" असं म्हणू नका, कुठल्याच सासूबाईंना ते पटत नाही. गादी कुजेल म्हणा.

कोपऱ्यातल्या ओलीच्या कडेने आजच पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या पावसानंतर पुन्हा. चार रेघा झाल्या की ओल कुठल्या बाजूने सरकते ते भिंतच सांगेल. त्यावर आत्ता काहीही लावू नका. पेंटर 'डॅम्पप्रूफ' घेऊन येईल, नाही म्हणा. आतून डबा बंद केल्यावर आतलं पाणी जाणार कुठे? वाळायचा मार्ग तेवढा बंद होतो आणि डिसेंबरात अख्खा थर पापडासारखा हातात येतो.

नवरात्र उलटून आकाश मोकळं झालं की पाण्याची खरी परीक्षा घ्या. गच्चीवरून नाहीतर काकूंच्या खिडकीतून नळी सोडायची. सुरुवात खालून : आधी फक्त ट्रॅक आणि कट्टा, दहा-पंधरा मिनिटं. मग बाजूचे सांधे, तेवढाच वेळ. मग वरचा सांधा. सगळ्यात शेवटी छज्जा, आणि त्याला तासभर द्या, कारण तुमची ती वाट लांबची आहे. आत ओल दिसायला दुसरा दिवसही उजाडेल. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळून सगळंच भिजेल आणि कळणार काहीच नाही. घरात एकजण टॉर्च घेऊन हवा. जिथे पाणी दिसलं तिथे थांबा, तेवढंच दुरुस्त करा. छज्ज्यावरचा सुटलेला वाटा तोडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा नवा करणं, भेग खाचून भरणं, ही कामं भिंत कोरडी असताना, दोरावर उतरणाऱ्या सराईत माणसाकडून आणि सोसायटीमार्फत करून घ्या. त्यानंतर आतला रंग. घाई करू नका. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवा, दोन दिवसांनी त्याच्या आत दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे.

कोकणातल्या, जांभ्याच्या घरांतल्या वाचकांना यातलं निम्मं गैरलागू आहे. तिथे पावसाच्या तोंडावर पडवीला झावळ्यांचे झाप बांधणारे लोक मुळात शहाणे होते, भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही हा त्यांचा हिशेब. फ्लॅटमध्ये तो हिशेब शेड लावून करता येतो, पण सोसायटीची परवानगी आधी घ्या, आणि शेडचे बोल्ट भिंतीत नवी भोकं पाडतात हे विसरू नका.

राहता राहिल्या काकू. माफी वगैरे मागायला जा असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. कामासाठी जा. "काकू, तुमच्या खिडकीतून माझा छज्जा दिसतो का बघायचंय, कुंड्या मी सरकवते," एवढं म्हटलं तरी पुरे. दिसला तर फोटो घ्या : पाणी उभं आहे का, माती किती, सांध्यात भेग आहे का, पिंपळाचं रोप उगवलंय का. रोप असलं तर नुसतं उपटू नका, मूळ आत राहिलं की पुन्हा येतं आणि सांधा अजून उघडतं, गवंड्याला दाखवा. डावा कोपरा फोटोत नीट येऊ द्या. तुमच्या बेडरूममधून बाहेर बघताना जो डावा, तो काकूंच्या खिडकीतूनही डावाच. पण दोरावरून उतरणारा माणूस भिंतीकडे तोंड करून असतो, त्याला तो उजवा. म्हणून सेक्रेटरींच्या पत्रात आणि गवंड्याच्या कागदावर डावा-उजवा लिहूच नका, 'दक्षिणेकडचा कोपरा' लिहा. नाहीतर तो चांगला असलेला कोपरा फोडून ठेवेल.